कॅश फ्लो डोळे मिटून वाचायचा नसतो

शेअर बाजाराच्या मराठी गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं एकच: नफा हे फक्त मत आहे, रोकड हेच सत्य. नफा-तोटा पत्रक बाजूला ठेवा आणि थेट कॅश फ्लो उघडा, म्हणजे कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा (कर्ज, भांडवल) अशा तीन रकान्यांत रोकड कशी आली-गेली हे दाखवणारं पत्रक. कामकाजातून आलेली रोकड नफ्यापेक्षा जास्त असेल तर डोळे मिटून शेअर घ्या, उणे असेल तर पळा. कंपनी कर्जमुक्त असेल तर सोन्याहून पिवळं. आणि गुंतवणुकीच्या रकान्यात मोठी उणे रक्कम दिसली, तर प्रवर्तक (कंपनी उभी करून तिच्यावर ताबा ठेवणारा) पैसे उडवतोय असं समजा.

यात एक कण खरा आहे. उधारीवर माल खपवून नफा दाखवणारी आणि वसुलीच्या नावाने शंख असलेली कंपनी कॅश फ्लोमध्ये उघडी पडते. पण त्या एका कणावर बाकीचा जो डोलारा उभा केलाय, तो टिकत नाही.

पहिला दावा, रोकड खोटी दाखवता येत नाही. हे भारतातल्या गुंतवणूकदाराने तरी म्हणू नये. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या हैदराबादच्या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दिसत होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटींचं व्याज येणं म्हणून धरलेलं होतं. १,२३० कोटींचं देणं वह्यांमध्ये नव्हतंच. ग्राहकांकडची येणी मात्र ४९० कोटींनीच फुगवलेली होती. म्हणजे सगळ्यात मोठं खोटं उधारीत नव्हतं, रोकडीत होतं! ‘उधारी तपासा, रोकडीवर विश्वास ठेवा’ या नियमाने चालणाऱ्याला सत्यम चांगलीच कंपनी वाटली असती.

मग कॅश फ्लो जुळला कसा? जुळणारच. तो काही वेगळ्या वहीतून येत नाही. ज्या खात्यांतून नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार होतात, त्याच खात्यांतून तोही तयार होतो. सेबीच्या नियमाप्रमाणे सूचीबद्ध कंपन्या तो अप्रत्यक्ष पद्धतीने मांडतात. सुरुवात नफ्याने होते, त्यात घसारा (यंत्रं, इमारतींच्या झिजेपोटी धरलेला, पण रोकड न गेलेला खर्च) मिळवायचा, मग येणी, साठा आणि देणी यांतले फरक घ्यायचे. ज्या नफ्याला मजकूर ‘मत’ म्हणून झटकतो, तोच या पत्रकाची पहिली ओळ असतो.

राजूंच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा बोलकी वाटते. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने मेटास नावाच्या दोन कंपन्या विकत घ्यायचा घाट घातला होता. त्या राजू कुटुंबाशीच संबंधित होत्या. भागधारक खवळले आणि तो बेत लगेच मागे घ्यावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, असं राजूंनी स्वतःच लिहिलं. तो साधला असता तर कॅश फ्लोमध्ये काय दिसलं असतं? गुंतवणुकीच्या रकान्यात एक मोठी उणे रक्कम. कधीच नसलेली रोकड रीतसर ‘खर्च’ झाली असती आणि खड्डा बुजला असता. खोटी रोकड परदेशातही सापडलीय. इटलीच्या पार्मालात या दूध कंपनीची २००३ मध्ये उघडी पडलेली बनावट बँक शिल्लक आणि जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे २०२० मध्ये सापडेनासे झालेले १९० कोटी युरो, दोन्ही रोकडच होती. रोकड खरी की नाही हे कॅश फ्लो सांगू शकत नाही. ते बँकेकडून ऑडिटरला थेट आलेल्या पुष्टिपत्रावरून कळतं.

दुसरा दावा जास्त घातक आहे, कारण तो अर्धा शहाणा आहे. कामकाजातली रोकड नफ्यापेक्षा जास्त, म्हणून कंपनी चांगली. पण कुठली रक्कम कामकाजात, कुठली गुंतवणुकीत आणि कुठली वित्तपुरवठ्यात हे शेवटी माणसंच ठरवतात. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमने इतर दूरध्वनी कंपन्यांच्या लाइन वापरण्यासाठी दिलेलं भाडं रोजचा खर्च म्हणून न दाखवता मालमत्ता म्हणून नोंदलं. २००२ मध्ये हे उघड झालं तेव्हा पाच तिमाह्यांतला आकडा ३८० कोटी डॉलरच्या वर होता. पैसा खरोखर गेला होता आणि बँकेतली शिल्लकही बरोबर होती. फक्त उणे रक्कम कामकाजाच्या रकान्यातून उचलून गुंतवणुकीच्या रकान्यात ठेवली होती. नफाही फुगला आणि ‘खोटं न बोलणारी’ कामकाजाची रोकडही.

घोटाळा न करताही हे साधतं. समजा नफा १०० कोटी, घसारा २० कोटी. कंपनीने पुरवठादारांची बिलं थकवली आणि देणी ६० कोटींनी वाढली. कामकाजाची रोकड १८० कोटी, नफ्याच्या जवळपास दुप्पट. मजकुराच्या हिशेबाने डोळे मिटून घ्यावी अशी कंपनी. पुढच्या वर्षी नफा आणि घसारा तेवढेच, पण थकलेले ६० कोटी चुकते केले, तर रोकड ६० कोटी. धंदा तोच आणि तेवढाच. पहिल्या वर्षीची ‘उत्तम रोकड’ म्हणजे चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या लहान कारखानदाराचे अडकलेले पैसे. २०२१ पासून वार्षिक अहवालात देणी आणि येणी किती जुनी आहेत याचा तक्ता द्यावा लागतो, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवून. कॅश फ्लो बघून खूश होण्याआधी तो तक्ता पाहावा.

याचं जरा सफाईदार रूप म्हणजे पुरवठादाराला बँकेकरवी लवकर पैसे द्यायचे आणि कंपनीने बँकेला सहा महिन्यांनी द्यायचे. व्यवहारात हे कर्जच, पण ताळेबंदात ते व्यापारी देणं म्हणून बसू शकतं आणि कामकाजाची रोकड गोंडस दिसते. जानेवारी २०१८ मध्ये कोसळलेल्या ब्रिटनच्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीमुळे हा प्रकार चव्हाट्यावर आला. आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाने अशा व्यवस्था उघड करण्याचा नियम आणला तो मे २०२३ मध्ये.

आणि कधी कधी नुसता नियमच बदलतो. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेपट्ट्यांबद्दलचं भारतीय लेखा मानक लागू झालं. तोवर दुकानं, विमानं किंवा कचेऱ्यांचं भाडं कामकाजातून जात असे. आता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची रक्कम बहुतांशी वित्तपुरवठ्याच्या रकान्यात जाते. विमान कंपन्या आणि दुकानांच्या साखळ्यांची कामकाजाची रोकड त्यामुळे एका वर्षात वाढलेली दिसली. घरमालकाला जाणाऱ्या पैशांत एक रुपयाचा फरक नव्हता.

यातूनच ‘कर्जमुक्त’चं उत्तर मिळतं. बँकेचं कर्ज नाही म्हणजे देणी नाहीत, असं होत नाही. भाडेपट्ट्याचं देणं आहे, उपकंपनीच्या कर्जाला दिलेली हमी आहे, कोर्टात अडकलेली कराची मागणी आहे. पैसे जाण्याची शक्यता ‘नाही’पेक्षा ‘हो’कडे झुकत असेल तरच तरतूद करायची, नाहीतर फक्त टीप लिहायची, असं लेखा मानक सांगतं. ही टीप कुठल्याच बेरजेत येत नाही, म्हणून ती कोणी वाचत नाही.

ती न वाचण्याची किंमत किती असू शकते? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी समायोजित सकल महसुलाच्या (सरकारला द्यायचं शुल्क ज्या महसुलावर मोजतात त्याच्या) वादात दूरसंचार कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला. वादातल्या रकमेचा मोठा भाग व्होडाफोन आयडियाने तोवर देणं म्हणून धरलेला नव्हता. निकालानंतर जाहीर झालेल्या सप्टेंबर तिमाहीत कंपनीने ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला, तोपर्यंतचा भारतीय कंपनीचा सर्वात मोठा. त्या तिमाहीत हे पैसे सरकारला दिले गेले नव्हते, त्यामुळे कॅश फ्लोमध्ये या भूकंपाचा मागमूस नव्हता. धोक्याची घंटा वाजवली ती त्या ‘नुसत्या मत’ असलेल्या नफा-तोटा पत्रकाने.

याच कंपनीत उलटंही घडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने तिच्याकडून येणं असलेल्या १६,१३३ कोटींच्या व्याजाच्या बदल्यात शेअर घेतले, आणि एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींच्या येण्याच्या बदल्यात. देणी घटली, भांडवल वाढलं, सरकार सर्वात मोठा भागधारक झालं. कॅश फ्लोच्या रकान्यांत यातला एक रुपया दिसत नाही, कारण रोकड हललीच नाही. असे व्यवहार तिथून वगळायचे आणि टीपेत सांगायचे, हाच नियम आहे.

गुंतवणुकीच्या उणे रकमेबद्दल थोडक्यात. ही रक्कम नव्या कारखान्याची असू शकते, प्रवर्तकाच्या दुसऱ्या कंपनीला दिलेल्या उसनवारीची असू शकते किंवा नुसती लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या म्युच्युअल फंडात) ठेवलेली असू शकते. लिक्विड फंड अनेक कंपन्या रोख-समतुल्य, म्हणजे रोकडीसारखाच, धरत नाहीत, त्यामुळे बँकेतून फंडात पैसे हलवले तरी ‘गुंतवणुकीतून बाहेर गेलेली रोकड’ दिसते. स्वतःच्या जागा घेऊन दुकानं वाढवणाऱ्या डीमार्टच्या कंपनीत हा रकाना बहुतेक वर्षी उणे असतो. तिथे ‘पैसे उडवले’ म्हणणाऱ्याने दुकानांची संख्या मोजावी. उसनवारी असेल तर मात्र संशय घ्यायलाच हवा, आणि ती संबंधित पक्षांच्या (प्रवर्तक, त्यांच्या इतर कंपन्या वगैरे) व्यवहारांच्या टीपेत सापडते.

राहिला ‘उणे दिसली की पळा’. बँका आणि वित्तसंस्थांच्या बाबतीत हा सल्ला निव्वळ चुकीचा आहे. त्यांचा माल म्हणजे पैसाच, म्हणून दिलेलं कर्ज कामकाजातली जावक म्हणून मोजलं जातं. आकुर्डीच्या बजाज फायनान्ससारखी कंपनी जितकी जोरात कर्जं वाटते, तितकी तिची कामकाजाची रोकड उणे जाते. ज्या वर्षी कर्जवाटप थांबतं, त्या वर्षी तोच आकडा सुधारलेला दिसतो. बँकेत तर ठेवी वाढल्या की तीही कामकाजाची आवक, मग त्या ठेवी कुठल्याही व्याजदराने गोळा केलेल्या असोत. अशा संस्थेत थकीत कर्जं, त्यांसाठीची तरतूद आणि भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल किती) बघायची असते. कॅश फ्लोचं पान तिथे उलटून पुढे गेलं तरी चालतं.