जुन्या डीव्हीडी रायटरमध्ये निअर-फील्ड? फोटो पुसण्याआधी एवढं वाचा

परवा मावशीचा फोन आला. "सगळे फोटो एका डीव्हीडीवर टाकते आणि हार्ड डिस्क रिकामी करते, चालेल ना?" निम्मे फोल्डर पुसायला तिने निवडूनही ठेवले होते. कारण काय, तर एक फॉरवर्ड: ‘निअर-फील्ड लेसरने प्रकाशाची मर्यादा मोडली. एका डिस्कवर १६०० टीबी मावतात. जुन्या डीव्हीडी रायटरचं फर्मवेअर बदललं की तोही हे करतो. कंपन्यांनी तीस वर्षं हे दडवलं. हार्ड डिस्क फेकून द्या, ही डिस्क शंभर वर्षं टिकते.’

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. नेहमीच्या भिंगाने लेसरचा ठिपका तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा फारसा बारीक होत नाही, हे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडलं. निअर-फील्डमध्ये, म्हणजे पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेल्या प्रकाशाने लिहिताना, ही अडचण टाळता येते. एरिक बेट्झिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत निमुळत्या ऑप्टिकल फायबरच्या टोकाने सुमारे ६० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चुंबकीय ठिपके लिहून दाखवले. साध्या डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा असतो, त्यावरून फरक लक्षात येईल.

पण ते टोक कुठे होतं? पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेलं. कारण हा प्रकाश दूर जातच नाही, काही दहा नॅनोमीटरच्या आत विरून जातो. पुढे भिंग वापरून जे प्रयोग झाले, त्यांतही भिंग डिस्कपासून २०-३० नॅनोमीटरवर तरंगत ठेवावं लागलं. आता आपली डीव्हीडी घ्या. तिचा डेटा ०.६ मिलिमीटर प्लॅस्टिकच्या आड असतो. म्हणजे नुसतं प्लॅस्टिकच त्या फटीच्या वीस हजार पट जाड! त्यात फिरताना डिस्क वरखाली हलते, तीही मिलिमीटरच्या दशांशांत. डीव्हीडी उजेडात तिरकी धरा, बोटाचा ठसा दिसेल. रायटर तो सहन करतो, कारण प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर लेसरचा झोत अर्धा मिलिमीटर रुंद असतो. निअर-फील्डमध्ये एक मायक्रोमीटरचा धुळीचा कणसुद्धा फटीच्या चाळीस पट मोठा. तिथे भिंग थेट आपटणार. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून प्लॅस्टिक पातळ होत नाही आणि भिंगही खाली येत नाही. हा मुद्दा ज्याने लिहिला त्याने ड्राइव्ह कधी उघडून पाहिलेला नाही.

१६०० टीबीचा आकडा तर भलतीकडूनच उचललाय. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत चिनी संशोधकांचा १.६ पेटाबिटच्या डिस्कवरचा लेख आला होता. पेटाबिट! म्हणजे १६०० टेराबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून बाइट करा, २०० टीबी होतात. शिवाय ती डिस्क निअर-फील्डची नाहीच. तिथे दोन लेसर लांबूनच शंभर थरांमध्ये लिहितात. आणि हे सगळं प्रयोगशाळेत, दुकानात नाही.

दडवलं वगैरे काही नाही. बेट्झिग यांचा शोधनिबंध छापलेला आहे, कुणीही वाचावा. टेरास्टॉर नावाच्या अमेरिकी कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी असा ड्राइव्ह आणण्याची घोषणा केली होती, तो बाजारात पोचला नाही. उलट निअर-फील्ड आज कामाला आलंय ते नव्या हार्ड डिस्कमध्ये. सीगेट कंपनीच्या काही हार्ड ड्राइव्हमध्ये लेसरची उष्णता अशाच पद्धतीने एका सूक्ष्म ठिपक्यावर एकवटतात आणि मग तिथे चुंबकाने लिहितात. हा मेसेज नेमक्या हार्ड डिस्कच फेकायला सांगतोय.

राहिली शंभर वर्षं. घरी लिहिता येणाऱ्या नेहमीच्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. चांगली डिस्क नीट ठेवली तर बरीच वर्षं जाते, पण एकुलती एक प्रत म्हणून तिच्यावर विसंबणं म्हणजे फोटो गमावायची तयारी.

मावशीला एवढंच सांगितलं: "डीव्हीडी कर, हरकत नाही. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ. पण हार्ड डिस्कवरचं काहीही पुसू नकोस, उलट आणखी एका डिस्कवर कॉपी कर." फोल्डर अजून शाबूत आहेत.