गावच्या घरी नेट हवंय? मग प्लॅन विचारण्याआधी सिग्नल मोजा

गावच्या घरी नेट घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचं घेऊ?" माझ्या मते हा तिसरा प्रश्न. आधी बघायचं ते घराच्या कुठल्या बाजूला, किती उंचीवर, कुठला सिग्नल किती येतो, आणि लाईट गेल्यावर पुढे काय. कोकणातल्या वाडीवर ही दोन उत्तरं हातात नसतील तर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही मुलाचा सीईटीचा फॉर्म ऐन वेळी अडकणारच.

मोजायला फोन पुरतो. नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर हे अ‍ॅप टाका आणि रेंजच्या दांड्या विसरा. दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर: उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या खाली गेला की रडारड. एसआयएनआर म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे: १३ च्या वर उत्तम, शून्याच्या खाली गेला तर जोर असूनही नेट चालत नाही. अंगण, माळा, गच्ची, विहिरीकडची बाजू, सगळीकडे मोजा. रात्री ८ ते १० मध्येही मोजा, कारण तेव्हा अख्खं गाव त्याच टॉवरवर असतं.

बँड, म्हणजे टॉवरचा सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर येतो, तेही लिहून ठेवा. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ लांब पोचतात, झाडाझुडपातूनही बऱ्यापैकी येतात, पण वेग बेताचा. २३०० ला वेग चांगला, पण मधे कलमांची बाग आली की तो गळतो आणि पानं भिजली की आणखी. मे महिन्यात धावणारं नेट जुलैत का बसतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

सिग्नल घरात नाही पण छपरावर आहे, अशी स्थिती असेल तर बाहेरच्या अँटेनाचे दोन पोर्ट असलेला सिमवाला राऊटर घ्या. अँटेना दोन लागतात आणि एकमेकींना काटकोनात, ४५ अंश तिरप्या लावायच्या. खरा घोळ होतो तो केबलमध्ये. स्वस्तातली आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला दर मीटरमागे जवळपास एक डेसिबल खाते. अँटेनाने १० डेसिबल कमावले आणि १० मीटर केबलने ते गिळले, तर हाती काय राहिलं? म्हणून राऊटरच वर न्या, पाख्याखाली हवेशीर डब्यात, अँटेनापासून मीटर-दीड मीटरवर. तिथून खाली कॅट-६ ही लॅनची केबल आणा, ती १०० मीटरपर्यंत चालते. केबल अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार खाऱ्या हवेत टिकत नाही, आणि तिच्यातून वीज वर पाठवली तर राऊटर अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो. जोडावर एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळा. डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकतं, आत उतरत नाही. भोक डब्याच्या तळाशीच पाडा.

ऑनलाइन मिळणारे 'मोबाइल बूस्टर' घेऊ नका. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि एका घरातल्या बूस्टरने आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज बिघडते. गावात हे उघड विकलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

फायबर दारापर्यंत येत असेल तर दुसरा विचार करू नका, तोच घ्या. मात्र जोडणी करणाऱ्या माणसाला त्याच दिवशी पॉवर मीटर, म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाचा जोर मोजणारं यंत्र, लावून आकडा दाखवायला सांगा. उणे २७ डीबीएम ही काठावरची मर्यादा. उणे २० ते २२ असेल तर पुढच्या जोडांना आणि पावसाळ्याला जागा उरते. तार आंब्याच्या फांदीला बांधू देऊ नका. जोड उघड्यावर काळ्या टेपने नको, डब्यात हवा. घराजवळ पाच-सात मीटर जास्तीची तार गुंडाळून ठेवायला लावा, तुटली की तीच कामी येते. ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्यात येतं त्या घरातल्या डबीवर, लाल दिवा लागला तर आधी भिंतीच्या कोपऱ्यात तिला जोडलेली पिवळी बारीक तार (पॅच कॉर्ड) चिमटली आहे का बघा, मग तक्रार करा.

फायबर मुख्य गावात आणि घर वहाळापलीकडच्या वाडीत, हे तर नेहमीचंच. तिथे गावातलं नेट वाडीपर्यंत आणायला ५ गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावता येतात. भारतात या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ पासून परवानामुक्त आहे. फक्त पलीकडची डिश दिसली म्हणजे झालं असं नाही. दोन किलोमीटरच्या अंतरात मध्यावर सरळ रेषेभोवती निदान तीन मीटर जागा चहूबाजूंनी मोकळी लागते. तिथे बांबूचं बेट असेल तर लिंक आज चालेल, पुढच्या वर्षी नाही. पावसाने या लिंकचं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते ओल्या पानांनी आणि वाऱ्यात हलणाऱ्या पाइपाने. डिशच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला तीन बाजूंनी तारांचा ताण द्याच.

आता वीज. ओएनटी आणि राऊटर मिळून १५ वॅट धरा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे जेमतेम पावणेतीन तास. २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२-१३ तास सहज काढते. तिचं चार्जिंग १४.६ व्होल्टपर्यंत जातं, म्हणून मधे १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर बसवा, नाहीतर राऊटर जळू शकतो. एवढ्याशा कामाला मोठा इन्व्हर्टर नको, तो स्वतःच बरीच बॅटरी खातो.

विजांच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबर, राऊटर जातात ते बहुतेकदा लॅनच्या तारेतून. गडगडाट सुरू होण्याआधी प्लग आणि लॅन दोन्ही काढा. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. नुसती सळई ठोकून भागत नाही, खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरावं लागतं. खांबावरून घरात येताना दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल फायबरवर आणि परत लॅनवर आणणाऱ्या डब्या) घालून मधला तुकडा धातूची तार नसलेल्या फायबरचा केला, तर त्या वाटेने वीज घरात येतच नाही. डिश किंवा अँटेना उंच खांबावर असेल तर हा खर्च मी आवर्जून करायला सांगेन.

आधाराला दुसरं सिम ठेवणार असाल तर दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर तर नाहीत ना, हे बघून घ्या. तसं असेल तर त्या टॉवरचं डिझेल संपलं की दोन्ही सिम एकदमच जातील.