डार्कथ्रोनने ब्लॅक मेटल सोडलं? खुलासा

‘डार्कथ्रोनने खपासाठी ब्लॅक मेटल सोडून अचानक जुनं हेवी मेटल धरलं,’ असा एक दावा सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (ब्लॅक मेटल म्हणजे किंचाळत्या गायकीचं, कर्कश, अंधाऱ्या वातावरणाचं मेटल संगीत.)

डार्कथ्रोन हा नॉर्वेतल्या ऑस्लोजवळच्या कोल्बोट्नचा बँड. १९९१चा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ चक्क डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या आवाजातलं मेटल होता. ब्लॅक मेटल त्यानंतर आलं. १९९५च्या ‘पँझरफाउस्ट’मध्ये स्वित्झर्लंडच्या सेल्टिक फ्रॉस्ट या जुन्या मेटल बँडची छाप इतकी ठळक आहे, की जड, संथ रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) ऐकताच ती ओळखू येते. म्हणजे जुन्या मेटलची ओढ मुळापासूनच होती. २००६च्या ‘द कल्ट इज अलाइव्ह’मध्ये पंक, म्हणजे साधं, वेगवान, रांगडं रॉक उघडपणे आलं आणि २०१३च्या ‘द अंडरग्राउंड रेझिस्टन्स’मध्ये बँडचा ड्रमर फेनरिझ चक्क उंच पट्टीत, मोकळ्या गळ्याने गातो. त्यातलं शेवटचं गाणं तेरा मिनिटांहून मोठं आहे. खपासाठी असं कुणी करत नाही!

‘नव्या माणसांमुळे बदल झाला’ हेही खोटं. फेनरिझ आणि गिटारवादक-गायक नॉक्टर्नो कुल्टो हे दोघेच १९९३पासून बँड चालवतात. दौरे ते करत नाहीत, मंचावरही जात नाहीत. माझ्या मते हे दोघे आपल्या पहिल्या प्रेमाकडेच परतले आहेत. शंका असेल त्यांनी ‘पँझरफाउस्ट’ पुन्हा नीट ऐकावा.