आमच्या मेडिकलला आलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार ताई, मी दुकानाचा मालक. आधी एक अर्जंट गोष्ट, तक्रारीचं नंतर बोलू. तुम्ही रिव्ह्यूसोबत आईंच्या गोळ्यांच्या आमच्याकडच्या आणि जनऔषधीतल्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातल्या, स्ट्रिपांचा फोटो टाकलाय तो मी मोठा करून बघितला. शुगरच्या गोळीला आमच्या स्ट्रिपवर नावापुढे एसआर लिहिलंय आणि नंतर आणलेल्या स्ट्रिपवर ते दिसत नाहीये. मेटफॉर्मिन दोन्हीत ५०० च आहे, पण एसआर म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी, साधी गोळी लवकर विरघळते, त्याने काहींना मळमळतं, जुलाब होतात, घ्यायच्या वेळाही वेगळ्या असू शकतात. घाबरायचं काही नाही पण पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना एक फोन करा. एसआर जनऔषधीतपण मिळते, फक्त मागताना ती दोन अक्षरं सांगायची.

आता तुमचं म्हणणं. आईंच्या बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल धरून पाच गोळ्या दोन वर्षं महिन्याला १,८०० ला आमच्याकडून नेल्या, तेच कंटेंट, म्हणजे आतलं औषध, जनऔषधीत ४३० ला मिळालं, आमच्या काउंटरवरच्या पोराला स्वस्तातलं आहे का विचारलं तर तो म्हणाला डॉक्टरांनी लिहिलंय तेच मिळेल, आणि माहीत असून आम्ही गप्प बसलो म्हणजे लुटलंच असं तुम्ही लिहिलंय. लुटलं हा शब्द फार लागला मला. पण गप्प बसलो हे खरं आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो, तुमची आणि आईंची.

पोरगा बोलला तो नियमच आहे. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधात चिठ्ठीवर जो ब्रँड लिहिलाय त्याच्या जागी दुसरा ब्रँड, कंटेंट सेम असला तरी, केमिस्टने परस्पर द्यायचा नाही असं ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स रूल्समध्ये स्पष्ट आहे. मी हेच कारण वर्षानुवर्षं देत आलो. तुमचा रिव्ह्यू वाचून रात्री विचार केला तेव्हा पटलं की नियमाने बदलून द्यायला मनाई आहे, सांगायला नाही. एवढं म्हणता आलं असतं की ताई, हे महाग पडतंय, यात स्वस्त पर्याय आहे, डॉक्टरांना विचारून लिहून आणा. नाही म्हटलं, कारण डॉक्टरांना वाटतं केमिस्ट आमच्या चिठ्ठीत हात घालतो, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरच दुकान चालतं. ही भीती माझी होती, तिचे पैसे तुम्ही भरलेत.

पण १,८०० आणि ४३० मधला फरक माझ्या खिशात गेला असं जे वाटतंय ते तसं नाही. तुमच्या गोळ्यांची एमआरपी २,००० होते, आम्ही १० टक्के सोडतो म्हणून बिल १,८०० चं. ब्रँडेडमध्ये आम्हाला एमआरपीवर साधारण २० टक्के सुटतात म्हणजे ४००, त्यातले २०० तुम्हाला सोडले, राहिले २००, त्यातच भाडं, दोन पोरांचे पगार, लाईट, एक्सपायरीचा माल. बाकीचे पैसे स्टॉकिस्ट म्हणजे होलसेलवाले, कंपनी, डॉक्टरांकडे फिरणारे कंपनीचे एमआर, जाहिरात, टॅक्स यात जातात.

आणि आता जे सांगतोय ते आमच्या धंद्यातल्या काहींना आवडणार नाही. खरं मार्जिन ब्रँडेडमध्ये नाहीच, दुकानात मिळणाऱ्या जेनेरिकमध्ये, म्हणजे तेच कंटेंट पण नावाजलेल्या ब्रँडशिवाय, त्यात आहे. माझ्या मागच्या कप्प्यात एक स्ट्रिप आहे, मला ८ रुपयाला पडते आणि तिच्यावर एमआरपी छापलीय ६२. मी निम्म्यात दिली तर गिऱ्हाईक ३१ रुपये देऊन खूश होऊन जातं आणि मला २३ रुपये सुटतात, आठ रुपयाच्या मालावर. हे सगळं कायद्यात बसतं. जनऔषधीत तसं होत नाही कारण तिथे छापलेली किंमतच कमी असते. म्हणून नुसतं जेनेरिक आहे का विचारू नका, स्ट्रिप उलटी करून एमआरपी बघा आणि जनऔषधीच्या किमतीशी ताडून बघा, आमच्याकडेसुद्धा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सरकार काय झोपलंय का. झोपलेलं नाही पण जे करतं ते अर्ध्यावर राहतं असं माझं मत. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते, त्यात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरतात. पण आईंची बीपीची गोळी बघा, एका गोळीत दोन औषधं आहेत. ती दोन्ही सुटी यादीत आहेत, कॉम्बिनेशन झालं की ती कमाल किंमत लागत नाही. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, आणि यादीतल्यांनाही एप्रिल २०२३ ला १२ टक्क्यांच्या वर वाढ मिळाली होती, तेव्हा काउंटरवर रोज भांडणं व्हायची. सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ वर आला, चांगलंच झालं, पण त्याने शंभर रुपयाला सहा रुपये वाचतात, तुमचं १,८०० चं बिल ४३० होत नाही.

डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच लिहावं असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला होता, तीन आठवड्यात स्थगित झाला. डॉक्टर म्हणतात क्वालिटीची खात्री कोण देणार, आणि हा प्रश्न खोटा नाही, पण तो सॅम्पल तपासून सोडवायचा, महाग ब्रँड लिहून नाही. दुसरी बाजूपण सांगतो. डॉक्टरांनी नुसतं कंटेंटचं नाव लिहिलं तर कंपनी कोण निवडणार? मी. आणि माझ्यासमोर २० टक्केवाली स्ट्रिप आणि ती आठ रुपयेवाली असेल तर मी कुठली काढीन याचा भरवसा तुम्ही ठेवू नका, कुठल्याच केमिस्टवर ठेवू नका. म्हणून मार्जिनलाच लिमिट पाहिजे. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांना ३० टक्क्यांचं लिमिट लावलंच की, मग रोजच्या बीपी शुगरला का नाही? माझी कमाई कमी होईल, तरी मी याच्या बाजूने आहे.

का ते सांगतो. एक काका येतात, दर वेळी पाचच गोळ्या कापून मागतात. दहाची स्ट्रिप कापली की एक्सपायरी एकीकडे राहते म्हणून मी पाकिटावर पेनाने तारीख लिहून देतो. एकदा हिशोब जुळेना म्हणून विचारलं, काका रोज एक आहे ना, पाच गोळ्या दहा दिवस कशा पुरल्या. म्हणाले एक दिवसाआड घेतो, पेन्शन पुरत नाही. बीपीची गोळी, एक दिवसाआड. आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कार्ड आहे त्यांच्याकडे पण ते ॲडमिट झाल्यावर, रोजच्या गोळीला नाही. म्हणजे गोळीला पैसे नाहीत आणि लकवा मारल्यावर हॉस्पिटलला आहेत, हे मला झोपू देत नाही. सरकारच्याच हिशोबात २०२१-२२ ला देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातनं भरलेत, आणि त्यातले कितीतरी असे काउंटरवर सुट्टे मोजून.

परवापासून आम्ही महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्या प्रत्येकाच्या बिलामागे कंटेंट, पॉवर आणि एसआर वगैरे जे असेल ते मराठीत लिहून देतोय आणि जनऔषधीत साधारण कितीला मिळेल तेही. पोराला समजावलंय, तो रागाने बोलला नव्हता पण तोडून बोलला हे चूकच. स्टार बदला असं मी म्हणणार नाही. तुमची जुनी बिलं कॉम्प्युटरला आहेत, आईंच्या पाचही गोळ्यांचा कागद करून ठेवलाय, नेऊन डॉक्टरांना दाखवा आणि मग औषधं कुठूनही घ्या. कागदाला वेळ लागला तरी चालेल, एसआरचा फोन मात्र आजच करा.