सातव्या मजल्याचा ‘नियम’ मांजरांच्या जिवावर बेततोय

‘तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या मांजरापेक्षा सातव्याच्या वरून पडलेलं मांजर कमी जखमी होतं, हे विज्ञानाने सिद्ध झालंय’ असा मेसेज मांजर पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सतत फिरतो. ‘आम्ही बाराव्यावर, आम्हाला काय काळजी’ हे त्यावरचं उत्तर वाचलं की काळजात धस्स होतं.

सिद्ध झालंय? हा दावा न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधल्या नोंदींवरून आला. १९८४ मध्ये पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं तिथे आणली गेली. अभ्यास १९८७ साली छापून आला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली आणि सात मजल्यांच्या वर जखमा कमी दिसल्या, हे खरंच. पण विसाव्यावरून पडून जागीच गेलेलं मांजर घेऊन दवाखान्यात कोण धावतं? ती मांजरं हिशेबात आलीच नाहीत. शिवाय सातच्या वरून पडलेली होती जेमतेम २२. पुढे २००४ साली क्रोएशियातल्या झाग्रेब शहराच्या डॉक्टरांनी ११९ मांजरांचा अभ्यास मांडला. त्यात सातव्या किंवा त्यावरच्या मजल्यावरून पडलेल्यांच्या जखमा जास्त गंभीर होत्या, छातीचा मारही जास्त. हा अभ्यास मेसेजमध्ये कधीच नसतो.

‘ठरावीक उंचीनंतर वेग वाढत नाही.’ बरोबर, ताशी साधारण ९५ किलोमीटरवर तो स्थिरावतो. पण स्थिरावला म्हणजे कमी झाला का? त्यानंतर मांजर अंग सैल सोडून पाय पसरतं, हा संशोधकांचा अंदाज आहे. तो खरा धरला तरी मग जमिनीचा तडाखा छातीला आणि हनुवटीला बसणार.

‘मांजर पायांवरच पडतं.’ हवेत वळतं खरं. पण पाय मोडतात, हनुवटी आपटून जबडा तुटतो, तोंडातली टाळू मधोमध फाटते.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं: ‘उठून चालायला लागलं तर काही झालेलं नाही.’ फुप्फुसाला मार बसलेलं मांजर चालतं, गाडीखाली जाऊन गप्प बसतं, आणि काही तासांनी त्याला धाप लागते. तोंड उघडून श्वास घेत असेल, हिरड्या पांढरट दिसत असतील तर एक मिनिटही थांबू नका. काखेत धरून उचलू नका, सपाट पुठ्ठ्यावर सरकवून न्या. वरून काही दिसत नसलं तरी छातीचा एक्स-रे काढायला सांगा.

आणि खिडक्या. मच्छरजाळी मांजराच्या वजनाने निखळते. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ते दातांनी तोडू शकतं. स्टीलची जाळी पक्क्या फ्रेममध्ये बसवून घ्या, घर दुसऱ्या मजल्यावर असलं तरी. पिल्लू घरी आणण्याआधीच बसवा. झाग्रेबमधली निम्म्याहून जास्त मांजरं वर्षाच्या आतलीच होती.