‘सक्रिय हंगाम म्हणजे नुसती भीती’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

अटलांटिकचा वादळी हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. यंदा हंगाम नेहमीपेक्षा सक्रिय राहील असा अंदाज आला, की फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियानाकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांत एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, गोषवारा तोच असतो. वादळांचा आकडा उपग्रहांमुळे फुगलाय. बहुतेक वादळं समुद्रातच संपतात. एक ते पाच या मोजपट्टीवर कॅटेगरी एक-दोनच्या वादळासाठी घर सोडायची गरज नाही. एकदा वादळ येऊन गेलं की तो किनारा त्या वर्षापुरता सुटला. आणि ऑगस्ट कोरडा गेला तर अंदाजच खोटा होता असं समजा.

हा मेसेज वाचून कोणी घरात थांबलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आकडा फुगलाय, हे अर्धं खरं आहे. उपग्रह येण्याआधी भर समुद्रात दोन दिवस जगून विरलेलं वादळ कुणाच्या नजरेस पडलंच नाही, असं नक्कीच घडत होतं. पण हवामानाचे उपग्रह १९६० च्या दशकापासून आहेत. १९९१ ते २०२० या काळाची सरासरी वर्षाला १४ नाव मिळालेली वादळं, त्यांतली ७ हरिकेन (म्हणजे जास्त जोराच्या वाऱ्याची चक्रीवादळं) आणि ३ मोठी, म्हणजे कॅटेगरी तीन किंवा त्यावरची हरिकेन अशी आहे, आणि ती सगळी उपग्रहांच्या काळातलीच आहे. २०२० साली ३० वादळांना नावं द्यावी लागली. ठरलेली यादी संपून ग्रीक अक्षरं वापरायची वेळ आली. शिवाय किनाऱ्यावर आदळलेलं वादळ मोजायला उपग्रह लागत नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ११ वादळं आली. आधीचा उच्चांक १९१६ मधल्या ९ वादळांचा होता. समुद्र जास्त तापलेला असतो, ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याचा काळ) असेल तर अटलांटिकवर खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांमधला फरक कमी होतो, आणि मग उभं राहणारं वादळ मोडत नाही. सक्रिय हंगामामागे अशी कारणं असतात.

बहुतेक वादळं समुद्रातच संपतात? २०१० चं उदाहरण मेसेज पाठवणाऱ्यांना आवडतं. त्या वर्षी १९ वादळं झाली, १२ हरिकेन झाली आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन आलं नाही. खरं आहे. पण त्याच वर्षी कार्ल मेक्सिकोच्या व्हेराक्रूझवर आदळलं, इगोरने कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये रस्ते वाहून नेले, टोमासने सेंट लुसियाची वाताहत केली. अमेरिकेला लागलं नाही म्हणजे कुणालाच लागलं नाही, असं धरून हा मुद्दा उभा राहतो. उलट बाजूने १९९२ पाहा. तो हंगाम शांत होता, पण त्यातलं अँड्र्यू कॅटेगरी पाचचं होतं आणि त्याने मायामीच्या दक्षिणेकडची वस्ती जमीनदोस्त केली. हंगामाचा अंदाज तुमच्या गल्लीबद्दल काहीच सांगत नाही, आणि तसा दावा अंदाज देणारेही करत नाहीत. तो शक्यता सांगतो. शक्यता वाढलेली असताना तयारी कमी करायची, हे मला कधीच कळलेलं नाही.

आता कॅटेगरी. माझ्या मते मेसेजमधला सगळ्यांत घातक मुद्दा हाच. कॅटेगरी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. समुद्र किती चढेल, पाऊस किती पडेल, वादळाचा घेर किती मोठा आहे, यांतलं काहीही त्या आकड्यात नसतं. आणि माणसं मरतात ती बहुतांशी पाण्याने. अमेरिकेतल्या १९६३ ते २०१२ या ५० वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे ९० टक्के पाण्याचे निघाले. एकूण बळींपैकी जवळपास निम्मे वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याचे, म्हणजे स्टॉर्म सर्जचे.

२००८ मध्ये आयक टेक्सासला आलं तेव्हा कॅटेगरी दोनचं होतं. बोलिव्हर द्वीपकल्पावर रांगाच्या रांगा घरं नाहीशी झाली. २०१२ मध्ये सँडी किनाऱ्याला लागलं तेव्हा ते तांत्रिकदृष्ट्या हरिकेनही राहिलं नव्हतं, तरी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्र शिरला. २०१८ चं फ्लॉरेन्स चारवरून एकवर उतरलं. आकडा उतरला तसे बरेच जण निर्धास्त झाले, आणि ते वादळ नॉर्थ कॅरोलायनावर रेंगाळत राहिलं. एलिझाबेथटाउनला ९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला.

‘आम्ही याहून मोठं पाहिलंय’ हे याच मुद्द्याचं भावंड. मिसिसिपीच्या किनाऱ्याने १९६९ मध्ये कॅटेगरी पाचचं कमील पाहिलं होतं. तेव्हा जी घरं कोरडी राहिली, त्यांतले काही लोक २००५ मध्ये कतरिना येताना तिथेच थांबले, कारण कतरिना किनाऱ्याला लागताना तीनचं होतं. पण ते कमीलपेक्षा कितीतरी ऐसपैस होतं, आदल्याच दिवशी पाचचं होतं, आणि तेव्हापासून लोटलेलं पाणी त्याच्याबरोबर आलं. पास ख्रिश्चनजवळ पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढलं. म्हणून स्थलांतराचे झोन वाऱ्यावरून नाही, पाण्यावरून आखतात. घराचा झोन कोणता ते पाहा. कॅटेगरीचा आकडा नंतर.

एकदा येऊन गेलं की किनारा सुटला. सक्रिय हंगामाचा खरा फटका कुठे बसतो, तेच या वाक्याने झाकून टाकलंय. वादळ समुद्र ढवळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि पुढच्या वादळाला काही दिवस कमी ऊर्जा मिळते, एवढं त्यात तथ्य आहे. पण मेक्सिकोच्या आखातात कोमट पाण्याचा थर जागोजागी खोल असतो आणि समुद्र पुन्हा तापायला फार दिवस लागत नाहीत.

२७ ऑगस्ट २०२० ला लॉरा ताशी सुमारे २४० किलोमीटर वाऱ्यासह लुइझियानात कॅमेरॉनजवळ शिरलं. आत लेक चार्ल्स शहरात छपरं उडाली, लोकांनी निळ्या ताडपत्र्या ठोकल्या, मोडतोडीचे ढीग रस्त्याकडेला लागले. ते उचलून व्हायच्या आत, ९ ऑक्टोबरला, जेमतेम २० किलोमीटर अंतरावर डेल्टा आलं. कॅटेगरी दोनचंच. पण आता छपराच्या जागी ताडपत्री होती. त्यानंतर फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीने नळ फुटले आणि मे महिन्यात अतिवृष्टीने शहर पुन्हा बुडालं. २०२० च्याच नोव्हेंबरमध्ये निकाराग्वात एटा आणि आयोटा ही दोन्ही कॅटेगरी चारची वादळं दोन आठवड्यांच्या आत साधारण २५ किलोमीटरच्या पट्ट्यात धडकली. एटाने भिजून फुगलेल्या जमिनीवर आणि नद्यांवर आयोटाचा पाऊस पडला. शेजारच्या होंडुरासमध्ये सुला खोरं पुन्हा पाण्याखाली गेलं.

किनाऱ्याच्या वाळूचंही असंच असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इयनने फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या आणि संरक्षक भिंती खाल्ल्या. दीड महिन्याने कॅटेगरी एकचं निकोल आलं आणि डेटोना बीचच्या दक्षिणेला घरं समुद्रात कोसळली. २०२४ मध्ये हेलीन दूर उत्तरेला फ्लोरिडाच्या बिग बेंड किनाऱ्याला लागलं, तरी टँपा बेच्या काठावरच्या घरांत समुद्र शिरला. भिजलेले सोफे, गाद्या, लाकडं रस्त्यावर पडलेली असतानाच तेरा दिवसांनी मिल्टन आलं. ते सामान वाऱ्याने उडून लोकांच्या अंगावर येऊ नये म्हणून ट्रक रात्रंदिवस धावत होते. दोन वादळांच्या मधे किती वेळ मिळाला, यावर किनाऱ्याची अवस्था ठरते, आणि सक्रिय हंगाम नेमका तोच वेळ हिरावून घेतो.

कोरड्या ऑगस्टचं थोडक्यात. हंगामाचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एकाही वादळाला नाव मिळालं नाही, आणि सप्टेंबरात फिओना आणि इयन आली. त्या शांत महिन्यात करायचं एक काम मात्र आहे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. सरकारी पूर विमा वेगळा काढावा लागतो आणि नवी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. इयन नाव मिळाल्यापासून आठवड्याच्या आत फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स बीचवर होतं.