एक लिटर संगणक

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी २०१२ सालापासून एक काळं धूड उभं होतं. त्याला संगणक म्हणायची घरात पद्धत होती. सुरू केलं की त्याचा पंखा असा घरघरायचा की खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा जिन्यात ‘तुमच्याकडे ज्वारीपण दळून मिळते का’ असं विचारलं, असं बायको सांगते. (हे तिनेच रचलं असावं असा माझा संशय आहे.) आईने त्या धुडावर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि त्या रुमालावर पितळी गणपती, लाइटची बिलं आणि चष्म्याचं घर अशी वस्ती वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती.

मग आम्ही नवा टीव्ही घेतला. ४३ इंची, ४के आणि स्मार्ट. भिंतीवर लागला त्याच संध्याकाळी आई म्हणाली, “तुझी मुंज लाव.”

माझी मुंज १९९४ची. तेव्हाची व्हिडिओ कॅसेट, पुढे कधीतरी तिची केलेली सीडी, सीडीतून संगणकात उतरवलेल्या फायली. त्यात बाबा आहेत, सोवळं सावरत मांडवभर पळणारे. म्हणून ती पाहायची. पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला दिली, तर पहिल्या फायलीवर टीव्हीने ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’ म्हणून हात वर केले. दुसरी चालली, पण मुकी. मंगलाष्टकं चालू आहेत, गुरुजींचं तोंड हलतंय, अक्षता पडताहेत आणि आवाज नाही. आई म्हणाली, “तुझ्या मुंजीत एवढी शांतता नव्हती रे.”

त्या रात्री ठरलं की टीव्हीला जोडायला एक छोटा संगणक घ्यायचा. माझ्या अटी बऱ्याच होत्या: आवाज नको, वीज कमी खावी, जुन्यापुराण्या फायलींपासून मावसभावाच्या लग्नाच्या ४के व्हिडिओपर्यंत सगळं चालावं, पंधरा हजारांत बसावं. आईची अट एकच. “रिमोटवर चाललं पाहिजे. मला तो उंदीर हातात धरायला लावू नकोस.”

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मामा, चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लाव टीव्हीमागे. व्हीएलसी प्लेअर टाक. विषय संपला.” आता विषय इतक्या लवकर संपवायचा नसतो हे त्या पिढीला कोण सांगणार? खरं सांगतो, मला संगणकच घ्यायचा होता. मुंज हे निमित्त होतं. मी काहीतरी गंभीर चेहऱ्याने बोललो, “स्टिकमध्ये साठवण कमी असते” वगैरे, आणि पुढचे तीन महिने रोज रात्री जेवणानंतर अभ्यासाला बसलो. दहावीला एवढा बसलो असतो तर आज संगणक विकत घ्यायला माणूस पाठवला असता.

पहिला उमेदवार भाच्यानेच सुचवला, रास्पबेरी पाय. हा इंग्लंडचा. विक्रीला आला २९ फेब्रुवारी २०१२ला, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. पत्त्याच्या कॅटएवढी उघडी पाटी, त्यावर सगळा संगणक. आईने विचारलं, “काय घेतोयस?” मी म्हटलं, “पाय.” ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी बायकोला म्हणाली, “त्याचा गुडघा दुखतोय का गं?”

गंमत म्हणजे सगळ्या संगणकांत आईच्या अटीत बसणारा हा एकटाच होता. टीव्हीला यंत्रं जोडायच्या एचडीएमआय तारेत सीईसी नावाची एक सोय असते. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं की तो दाब तारेतून पलीकडच्या यंत्रापर्यंत पोचतो. स्टिकला हे कळतं, पायला कळतं. भल्याभल्या डेस्कटॉप संगणकांना मात्र कळत नाही. पण पाय घेतला की नुसता पाय येतो. त्याचं खोकं वेगळं, पंखा वेगळा, मेमरी कार्ड वेगळं, २७ वॅटचा खास अडॅप्टर वेगळा, आणि टीव्हीची नेहमीची तार लागत नाही म्हणून बारक्या तोंडाची तारही वेगळी. पाय घ्यायचा आणि चप्पल, मोजे, पैंजण बाहेरून. वर त्यात सिनेमे दाखवायला जे सॉफ्टवेअर घालायचं त्याचं नाव कोडी. २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, मग बदललं. मराठी माणसाने बारसं केल्याखेरीज इतकं समर्पक नाव ठेवलं जात नाही. मी पाय मागे घेतला. आता कळतंय की चुकलो, पण हे भाच्याला सांगायचं नाही.

मग ॲपलचा मॅक मिनी बघितला. देखणा, पाच इंची चौकोन. नव्या मॉडेलचं सुरू करायचं बटण पोटाखाली आहे. भारतात तो ५९,९०० रुपयांना आला. मुंजीचा एकूण खर्चसुद्धा एवढा आला नव्हता. पुढे चला.

मग ते मिनी पीसी म्हणवणारे चौकोनी डबे, आत इंटेलचा एन-१०० प्रोसेसर. चार कोअर आणि कागदावर फक्त ६ वॅट! आमच्या देवघरातला जुना झिरोचा बल्ब १५ वॅट खायचा, आणि त्याला आम्ही शून्य म्हणायचो. इथे मी जवळजवळ विरघळलो होतो. पण डबे बनवणाऱ्या कंपन्यांची नावं अशी, की वाचताना आपण शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड वाचतोय असं वाटावं. अभिप्राय वाचले तर एक म्हणतो ‘बिलकूल आवाज नाही’, त्याच्याच खाली दुसरा म्हणतो ‘कानाशी डास’. बिघडला तर कोणाच्या दारात जायचं? मला माणूस समोर लागतो. भांडायला तरी.

म्हणून एका शनिवारी डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला पोचलो. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण हे नाव घेऊन पत्ता विचारलात तर टॅक्सीवाला तुमच्याकडे आदराने बघतो आणि निघून जातो.

तिथल्या एका माळ्यावरच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “साहेब, एक लिटरवाला दाखवू?”

मला वाटलं पाणी विचारतोय. तर नाही. ऑफिसांतून निवृत्त झालेले हे छोटे संगणक साधारण एक लिटर आकारमानाचे असतात, म्हणून धंद्यात त्यांना एक लिटरवाले म्हणतात. दुधाच्या पिशवीएवढा संगणक. हातात घेतला, तोलला, पसंत पडला.

“कितवी जनरेशन?” मी अभ्यास दाखवला.

“सिक्स्थ. एकदम मख्खन.”

आता इथे जरा थांबायला हवं, कारण तीन महिन्यांच्या रात्रींचं सार इथे आहे. इंटेलच्या प्रोसेसरांना इयत्ता असतात. सहावी २०१५ची. हल्लीचे कॅमेरे नि फोन ज्या एचईव्हीसी पद्धतीने व्हिडिओ दाबून भरतात, तो प्रकार सहावीवाल्याला येतो, पण अर्धवट. त्यातला १०-बिटचा रंगीत मामला समोर आला की तो घाम पुसत अडखळतो. मावसभावाचं लग्न नेमकं १०-बिटमध्ये झालं होतं. सातवीला ते नीट जमतं. म्हणजे सातवी पास पुरेसा. पण १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ म्हणतं, किमान पात्रता आठवी पास. थेट नोकरभरतीची जाहिरातच! विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घाला, मग सहावी-सातवी कोणी विचारत नाही, पण तिथल्या ब्राउझरमध्ये पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवाल्यांचं ४के चित्र येत नाही. पैसे घेताना आपण ग्राहक असतो, चित्र देताना चोर.

“आठवी आहे?”

मुलाने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. “आहे ना काका.” साहेबाचा काका झालो, म्हणजे भाव वाढणार. १५,५०० म्हणाला. मी चौदा म्हटलं. तो १५,५०० म्हणाला. अशी घासाघीस होऊन १५,५००ला सौदा ठरला आणि त्याने एक माउस फुकट दिला. नेमका उंदीरच.

घरी आलो. संगणक पिशवीतून काढला, सगळ्यांनी कौतुक केलं. मग पिशवीतून अडॅप्टर काढला, तो संगणकाच्या निम्म्याने होता. बाहेरची हार्ड डिस्क, कारण जुन्या धुडातली त्यात मावत नव्हती. तिची वायर. सीडीचा ड्राइव्ह, त्याची वायर. कीबोर्ड. हा संगणक लहान कसा, तर त्याने आपला सगळा संसार बाहेर ओटीवर मांडलाय म्हणून. आमच्या चाळीतली खोलीही अशीच लहान होती.

त्याला टीव्हीच्या पाठीला स्क्रूने लटकवायचं माझं स्वप्न होतं. तशी चार भोकं बहुतेक टीव्हींना असतात. आमच्याही टीव्हीला होती. त्याच भोकांनी तो भिंतीला लटकलाय. आणि संगणकाला मागे दोन डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला फक्त एचडीएमआय. पुन्हा ग्रँट रोड. दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर लावला तर ४केचं चित्र आलं, पण सेकंदाला ३० वेळा. माउसचा बाण टीव्हीवर टप्पे घेत चालायला लागला, चिखलातून चालल्यासारखा. ६०साठी ‘ॲक्टिव्ह’ कन्व्हर्टर लागतो म्हणे. तिसऱ्यांदा ग्रँट रोड. आता तिथला मुलगा मला मामा म्हणतो.

राहता राहिली आईची अट. सीईसी नाही, म्हणजे टीव्हीचा रिमोट संगणकापुढे बहिरा. मग एअर माउस नावाचा प्रकार आणला. दिसायला रिमोट, पण हवेत हलवाल तसा पडद्यावरचा बाण हलतो. आईला सांगितलं, “हा रिमोटच आहे.” तिने तो दोन्ही हातांत धरला, बाण सापडेना म्हणून गोल फिरवला, सापडला, निसटला, पुन्हा फिरवला. बायको आतून बाहेर आली आणि सवयीने टाळ्या वाजवायला लागली. टीव्हीला ओवाळणं चाललंय अशीच तिची समजूत झाली होती.

पाचव्या-सहाव्या प्रदक्षिणेनंतर बाण फायलीवर बसला आणि मुंज लागली. आवाजासकट. मंगलाष्टकं सुरू झाली, आत्या तेव्हाही बेसूर होती, माझं गुळगुळीत डोकं ४३ इंचांवर आलं आणि बाबा डावीकडून उजवीकडे पळत गेले. कुणी काही बोललं नाही. आईने एअर माउस खाली ठेवला, त्याबरोबर चित्र मागे गेलं आणि बाबा पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे पळाले. “असू दे,” आई म्हणाली, “हात लावू नकोस.”

नवा संगणक ठेवायला दुसरी जागाच नव्हती, तेव्हा तो जुन्या काळ्या धुडावर बसलाय, गणपतीशेजारी. आठवडाभर मांजरासारखा शांत होता. रविवारी दुपारी मी पेपर वाचत होतो आणि हॉलमधून ओळखीची घरघर ऐकू आली. धावत गेलो. आई मुंज बघत होती. संगणक दिसत नव्हता. त्याच्यावर, वारा घ्यायच्या सगळ्या भोकांसकट, क्रोशाचा रुमाल होता.

“धूळ बसते रे,” आई म्हणाली, “म्हणून नवीन विणला. आवाज मोठा कर जरा, ऐकू येत नाहीये.”